पोट म्हणजे उरल्यासुरल्याचं भांडं नव्हे



चाळिशी ओलांडली की वस्तीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "मी तर काहीच खात नाही, तरी अंग सुटतंय." दुसरं, "आता या वयात कसलं पथ्य करायचं?" आधी नर्सच्या नोकरीत आणि आता विहारांतल्या आरोग्य बैठकांत ही वाक्यं मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहेत की ती हसण्यावारी नेता येत नाहीत. पहिलं वाक्य बोलणारी बाई खोटं बोलत नसते. ती खरंच जेवलेली नसते. मात्र दिवसभरात तिच्या पोटात बरंच काही गेलेलं असतं. तिचं जेवण हरवलेलं असतं आणि नुसतं खाणं उरलेलं असतं.

म्हणून या लेखात वजन घटवायचा तक्ता नाही. अमुक बंद, तमुक बंद अशी यादीही नाही. हरवलेलं जेवण परत ताटात कसं आणायचं, एवढंच सांगायचं आहे.

जेवण कुठे हरवतं?

ताडीवाला रोड असो, येरवडा असो, जनता वसाहत असो की रामटेकडी, धुणीभांडी किंवा साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या बाईचा दिवस थोड्याफार फरकाने सारखाच. पहाटे पाचला उठायचं, नळ जायच्या आत पाणी भरायचं. मिश्री लावायची, चहा घ्यायचा, सोबत खारी नाहीतर बटर. सगळ्यांचे डबे भरून निघायचं. मिश्रीतल्या तंबाखूने भूक मरते, त्यामुळे अकरापर्यंत काही लागत नाही. कामाच्या एका घरी चहा, दुसऱ्या घरी पुन्हा चहा, कधी सोबत कालचा उरलेला केक. दोन-अडीचला टपरीवर वडापाव. घरी आल्यावर चहा आणि मूठभर फरसाण. मग रात्रीचा स्वयंपाक. आधी पोरं, मग नवरा, मग सासू-सासरे, आणि साडेदहाला पातेल्यात जे राहील ते आपलं. बहुतेक वेळा भात राहतो आणि वरणाचं वरचं पाणी. त्यात पोराने टाकलेली अर्धी चपाती, "वाया कशाला घालवायची" म्हणून.

यात हावरटपणा कुठेच नाही. पण या बाईने दिवसभरात एकदाही स्वतःचं ताट वाढून घेतलेलं नाही. किती खाल्लं आणि काय खाल्लं हे तिलाच ठाऊक नाही. पीठ, साखर आणि तेल भरपूर गेलं. डाळ, भाजी, अंडं जवळजवळ नाहीच. वर सार्वजनिक शौचालयाची रांग आणि रात्रीचा अंधार टाळायचा म्हणून पाणीही कमी प्यायलेलं.

पुरुषांचंही फार वेगळं नाही. रिक्षा चालवणारा किंवा हमाली करणारा भाऊ दिवस चहा-बिडीवर काढतो. रात्री दारू असेल तर सोबत खारे शेंगदाणे आणि तळण, मग उशिरा पोटभर भात आणि लगेच झोप. त्याचंही जेवण हरवलेलंच आहे, फक्त त्याला गरम वाढायला कुणीतरी असतं.

बारीक हातपाय, आत चरबी

"आपल्या गरिबाला कसली आलीये शुगर, ती तर बंगल्यातल्यांची," असं अजूनही काही जण म्हणतात. ते खरं नाही, आणि त्याचं एक मोठं कारण याच पुण्यात उलगडलं.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक मोठा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या आया आणि त्यांची बाळं यांचा तो अभ्यास. इथली बाळं जन्माला येताना सरासरी २.७ किलोची होती. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची. आपली बाळं हलकी होती, हातापायाचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीचा वाटा जास्त.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचा आणि त्यांचे इंग्लंडमधले डॉक्टर मित्र युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. उंची-वजनाचा हिशोब दोघांचा सारखाच होता, आतलं शरीर मात्र वेगळं होतं.

याचा आपल्याशी काय संबंध? आपल्या आज्या आणि आया पोटभर जेवल्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून कितीतरी कुटुंबं कामाच्या शोधात शहरांकडे आली. त्यांच्या लेकी पुण्याच्या वस्त्यांत वाढल्या. ज्या शरीराची जडणघडण टंचाईत झाली, त्याला चाळिशीत आयती साखर, तेल आणि मैदा मिळाला की ते पोटाभोवती साठवून ठेवतं. त्यामुळे हात बारीक आणि पोट पुढे अशा बाईलाही मधुमेह होतो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावर असलेल्याला मागे फिरता येतं, हे विसरू नका.

घरच्या घरी तपासायला वजनकाट्यापेक्षा सुतळी बरी. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या आणि बरोबर मधोमध दुमडा. ती दुमडलेली सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती पुरली पाहिजे. पुरली नाही तर पोटाचा घेर जास्त आहे. टेपने मोजायचं तर बाईचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषाचा ९० च्या आत असावा.

चाळिशीत आत काय बदलतं?

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. स्नायू म्हणजे शरीराची चूल. चूल लहान झाली की तेवढंच सरपण जळत नाही, उरलेलं साठतं. बायकांची पाळी जायच्या आसपास हार्मोन बदलतात, आणि आधी मांड्या-कमरेवर बसणारी चरबी पोटावर बसू लागते. रात्री घाम येतो, झोप मोडते, आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त खावंसं वाटतं. हाडंही याच काळात झिजू लागतात.

म्हणून विशीत चालून गेलं ते आता चालत नाही. पण यावर उपाशी राहणं हा उलटा उपाय आहे. उपाशी राहिलं की स्नायू आणखी झिजतात, चूल आणखी लहान होते. चार महिने कडक पथ्य करून पाच किलो उतरवलेली बाई वर्षभरात सहा किलो चढवते, ते यामुळेच. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी डब्यातली पावडर पाण्यात घोळून प्यायला सांगणारे आता वस्त्यांतही फिरतात. त्या पैशात घरभर अंडी आणि डाळ येते.

दोन टोकं, आणि मधली वाट

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सिद्धार्थ गौतमांनी अन्न तोडून शरीर हाडांचा सापळा केलं आणि शेवटी तो मार्ग सोडून अन्न घेतलं. सारनाथच्या पहिल्या प्रवचनातही भोगाचं टोक आणि देहदंडाचं टोक, दोन्ही बाजूला ठेवले.

अन्नाबद्दल दोन प्रसंग मला नेहमी सांगावेसे वाटतात. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला. तो शोधण्यात दिवस गेला आणि तो उपाशीपोटी धावत धम्म ऐकायला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि मगच उपदेश केला. भुकेलेल्या माणसाला आधी अन्न, मग गोष्टी.

दुसरा प्रसंग संयुत्तनिकायातला, कोसलचा राजा पसेनदी याचा. हा राजा द्रोणभर भात जेवायचा. एकदा असाच जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. त्यांनी त्याला रागे भरलं नाही, उपासही सांगितला नाही. जेवताना भान ठेवावं आणि आपलं माप ओळखावं, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि अंग हलकं झालं. पालीत याला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे जेवणातलं माप जाणणं.

आपल्या शरीरात हे दोघेही एकत्र बसले आहेत. डाळ-भाजी-अंड्याच्या बाबतीत आपण आळवीचा उपाशी शेतकरी आहोत, आणि साखर-तेल-भाताच्या बाबतीत पसेनदी. म्हणून आपलं पथ्य "कमी खा" एवढ्यात संपत नाही. काही गोष्टी वाढवायच्या आहेत आणि काही हळूहळू उतरवायच्या आहेत.

आपलं ताट कसं होतं?

"जुनं ते सोनं" असं मी म्हणणार नाही. आपल्या आजीच्या ताटात जे होतं ते बरंचसं नाइलाजाने आलं होतं. सुकवलेल्या चान्या, रक्ती, वजडी, रानातला पाला हे वरच्यांनी टाकून दिलेल्यातून किंवा फुकटात मिळेल त्यातून उभं केलेलं जेवण होतं. त्यात भूक होती, अपमान होता. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलित समाजाच्या अन्नाच्या आठवणी पुस्तकरूपाने मांडल्या. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. ते अन्न लपवायची गोष्ट नाही, ही जाण अशा लेखनातून पुढे आली.

पण नर्स म्हणून मी त्या ताटाकडे पाहते तेव्हा काही गोष्टी ठळक दिसतात. ज्वारी-बाजरीची भाकरी होती. हुलगे, मटकी, चवळी होती. तांदुळजा, घोळ, अंबाडी, पाथरी अशा पालेभाज्या होत्या. सुकट-बोंबील होते. लोह देणारं काळीज होतं. जवस, कारळं, शेंगदाण्याची चटणी होती. साखर नव्हती, मैदा नव्हता, आणि तेल पळीने नाही तर थेंबाने पडायचं. माप मात्र अपुरं होतं.

आज माप भरलं आणि नेमक्या याच वस्तू ताटातून गेल्या. रेशनवर प्राधान्य कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्याने भूक भागते, तो आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण रेशनच्या पिशवीत डाळ आणि भाजी नसते. २०१५ पासून राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि स्वस्त मांस महागलं. उलट २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि आपली ज्वारी मॉलमध्ये चकचकीत पाकिटात जाऊन बसली. तेव्हा आपल्याला महागडं पाकीट नको. किराणा दुकानातली सुटी ज्वारी आणि मंडईतली संध्याकाळची उतरत्या भावाची पालेभाजी पुरते.

ताट असं भरा

ताटाचे मनाने चार भाग करा. दोन भाग भाजी आणि कोशिंबीर, एक भाग भाकरी-चपाती किंवा भात, एक भाग डाळ, उसळ, अंडं, मासे किंवा मटण-चिकन. रोज नेमकं असं जमणार नाही. पण आज आपल्या ताटात तीन भाग भात-चपाती असते, ती हळूहळू इकडे सरकवायची.

बाईला दिवसाला साधारण किती प्रथिनं लागतात? वजनाच्या दर किलोला पाऊण ग्रॅमपेक्षा थोडी जास्त. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४५ ग्रॅम. हिशोब सोपा आहे. ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्यांतून साधारण १५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून ७. वाटीभर मटकीच्या उसळीतून ७. एका अंड्यातून ६. मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज ४२ झाली, उरलेलं भाजी-भातातून येतं. यातली एकही वस्तू परदेशी नाही. फक्त वरण घट्ट हवं आणि ते तुमच्या वाटीत यायला हवं. वरचं पाणी चालणार नाही.

घरात गहूच असेल तर पीठ न चाळता कोंड्यासकट मळा. आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी केली तरी फरक पडतो. रोज भात लागतो त्यांनी एकदम बंद करू नये. आधी भाजी आणि उसळ खा, भात शेवटी घ्या, म्हणजे तो आपोआप कमी लागतो. सुकट-बोंबलात मीठ फार असतं, ते गरम पाण्यातून दोनदा काढून घ्या.

बाहेर खावं लागतंच. मग निवड करा. हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली ती कष्टकऱ्याला परवडेल असं घरच्यासारखं जेवण मिळावं म्हणूनच. एका वडापावात जवळजवळ दोन भाकऱ्यांइतकी ऊर्जा असते, पण तासाभरात पुन्हा भूक लागते. तीच भूक झुणका-भाकरीने चार तास धरून ठेवता येते. टपरीशिवाय काही नसेल तर उकडलेलं अंडं, भाजलेले फुटाणे किंवा केळं घ्या. सर्वांत उत्तम म्हणजे सगळ्यांचे डबे भरताना आपलाही भरा. पाच डबे भरणाऱ्या बाईचा सहावा डबा नसतो, ही आपल्या घरांतली रोजची गोष्ट आहे.

चहा, तेल, मीठ

दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. झाले दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एकट्या बाईच्या पोटात, तीही नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सगळी मिळून २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. चहा सोडा असं मी म्हणत नाही, चहा हा आपला विसावा आहे. आठवड्याला प्रत्येक कपातली पाव चमचा साखर कमी करा. महिन्याभरात एक चमचा कमी होईल आणि जिभेला कळणारही नाही. गूळ घातला म्हणून चहा औषधी होत नाही, रक्तात तीही साखरच. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, कारण चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे.

तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण किलो पुरतं. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच पिशव्या संपत असतील तर पिशवीतून थेट ओतणं थांबवा, चमच्याने मोजून घाला. मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट सगळं आलं. बीपी असलेल्यांनी ताटात वरून मीठ घेणं आजच बंद करावं.

मिश्री सोडणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. पण ती भूक मारते आणि तोंडाच्या कॅन्सरचं दार उघडते. निदान सकाळी आधी काहीतरी खायचं, एवढ्यापासून सुरुवात करा.

भान ठेवून जेवणं

विहारात आपण आनापान करतो, श्वासाकडे लक्ष देतो. तेच लक्ष ताटाकडे द्यायचं. बसून जेवा. उभ्याने, ओट्याशी, पातेल्यातून नाही. टीव्ही आणि मोबाईल तेवढा वेळ बाजूला. पहिला घास घेण्याआधी एक श्वास घ्या आणि बघा, भूक खरंच आहे की दमणूक आहे, राग आहे, की नुसता कंटाळा? दमणुकीला साखर लागत नाही, आराम लागतो. घास चावून खा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवण उरकलं तर निरोप पोचायच्या आत दुसऱ्यांदा भात घेतलेला असतो. थोडी जागा शिल्लक असतानाच थांबा.

पसेनदी राजालाही आठवण करून द्यायला सुदस्सन लागला. तुमच्या घरातला सुदस्सन कोण, ते ठरवा. शाळेत जाणारी मुलगी असेल, शेजारीण असेल, बचत गटातली मैत्रीण असेल. टोमणे मारणारा नको. "आई, बसून जेव" एवढंच म्हणणारा पुरे.

आणि मुलाने टाकलेली चपाती? अन्न वाया घालवू नये हे खरंच. ती झाकून ठेवा, सकाळी फोडणी द्या आणि सगळ्यांनी वाटून खा. पण ती पुरवायला आईचं पोट हे उरल्यासुरल्याचं भांडं नव्हे. मुलाला आधीच अर्धी वाढा.

बांधवांनो, हे तुमच्याही हातात आहे. समतेच्या घोषणा आपण मिरवणुकीत देतो, त्या चुलीपर्यंत आल्या पाहिजेत. सगळ्यांची ताटं एकदम वाढली आणि सगळे एकत्र बसले, तर अंड्याचा आणि मटणाचा वाटा सगळ्यांना सारखा जातो. रात्रीची भांडी कुणी दुसऱ्याने घासली तर बाई साडेदहाऐवजी साडेआठला जेवते. अशा घरात शुगर आटोक्यात ठेवणं सोपं जातं.

गोळ्या चालू असतील तर

जेवण सुधारलं म्हणून शुगरची किंवा बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कारल्याचा रस आणि कुठलीतरी पुडी घेऊन इन्सुलिन सोडलेले, पायाची जखम चिघळून बोटं गमावलेले कमावते लोक मी वॉर्डात पाहिले आहेत. आकडे सुधारले तर डॉक्टरच गोळी कमी करतील.

पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. श्रामणेर शिबिरातही हाच नियम असतो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि भन्तेजींनाही सांगावं. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि नंतर जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

तिशीपुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी शुगर आणि बीपी तपासून घ्यावं. पालिकेच्या दवाखान्यात किंवा ससूनला जा. उपाशीपोटी शुगर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. बीपी १४०/९० च्या खाली हवं. निदान झालं म्हणून लाजायचं कारण नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्यांचं औषधपाणी आणि पथ्यपाणी पाहत होत्या. आजार अंगावर घेऊन त्यांनी केवढं काम केलं ते आपण जाणतो, पण आपण आपला आजार अंगावर काढू नये.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका, आठवडाभरात सुटेल. या आठवड्यात एकच करा. रात्री घरातल्यांना वाढायच्या आधी स्वतःचं ताट वाढून बाजूला झाकून ठेवा. त्यात घट्ट वरण घाला, भाजी घाला, सगळ्यांच्या ताटात अंडं असेल तर आपल्याही ताटात घाला. पुढच्या आठवड्यात चहातली पाव चमचा साखर. आणि पौर्णिमेला विहारात येताना सुतळी सोबत आणा, आपण सगळ्या मिळून मोजू.